कवचरूप शैवाकांची जोपासना

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात गोड्या मसाल्यासाठी जे दगडफूल वापरतात, ते एक शैवाकच होय. काळसर करड्या रंगाचे, कडांशी मुरडलेले हे दगडफूल झाडाच्या सालीवरून किंवा खडकावरून हाताने सोलून काढता येते, आणि म्हणूनच ते बाजारात विकावयास येऊ शकते. प्रस्तुत प्रकरणात ज्या शैवाकांचा विचार करावयाचा आहे ती याच कुळातील असली तरी त्यांची राहणी निराळी आहे. ती दगडाला अशी चिकटलेली असतात, की सुरीचे पाते घातले तरी सुटी होत नाहीत. काढावयाचीच असतील तर दगडाचा कपचा उडवून, दगडासह काढावी लागतात. जणू कोणी दगडावर रंगाचा एक जाड हात देऊन ठेवला आहे आणि तो वाळून त्याला बारीक भेगा पडल्या आहेत, असे त्यांचे रूप दिसते. यांना कवचरूप शैवाके म्हणतात. पानासारखी पसरट ती पर्णरूप आणि लहानशा झुडुपासारखी उभी किंवा लोंबती ती क्षुपरूप, असे आणखी दोन मुख्य प्रकार आहेत. परंतु संख्येने पाहू गेल्यास कवचरूप शैवाकेच सर्वांत अधिक भरतात.

अशा जीवाची ‘जोपासना’ करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याला मूळ नाही, खोड नाही, कुंडीत लावावे असे रोप नाही, पेरावे असे बी नाही. खत घातले तर तो वाढण्याऐवजी नासतो. पाणी रोज घातले तर बहुधा मरतो. दिल्लीसारख्या शहरात, जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसला स्पर्श करतो आणि हिवाळ्यात हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही, तेथे तर हा उद्योग कोणी करूच नये असे वाटेल. तरीही जुन्या कठड्यांवर, अरवलीच्या कातळांवर ही शैवाके आढळतात. ती तेथे कशी टिकली हे समजले, की त्यांची निगा कशी राखावी हेही बरेचसे समजते.

एका देहातील दोन जीव

शैवाक ही एक वनस्पती नव्हे. कवक आणि शैवल अशा दोन अगदी भिन्न जीवांनी मिळून उभारलेला तो एक देह आहे. कवकाच्या तंतूंचे जाळे बाहेरून आवरण घालते, दगडाला धरून ठेवते आणि ओलावा शोषते. त्या जाळ्याच्या आत वरच्या थरात हिरव्या शैवलाच्या पेशी असतात, त्या सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा कवकाला देतात. काही शैवाकांत हिरव्या शैवलाऐवजी नीलहरित जीवाणू हे काम करतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६७ मध्ये हे मत मांडले, तेव्हा त्या काळच्या अनेक मान्यवर शैवाकतज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेले. ज्या जीवांच्या वर्गीकरणात आपण आयुष्य वेचले, ते मुळात एकेकटे जीवच नव्हेत, हे मान्य करणे कोणालाही जडच गेले असते.

वाद मिटवावयाचा एकच मार्ग होता. दोन्ही जीव वेगळे करून पुन्हा एकत्र आणावयाचे आणि त्यांतून शैवाक उभे राहते का ते पाहावयाचे. १८७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्टाल याने हे करून दाखविले. त्याने निवडलेले शैवाक होते एंडोकार्पॉन पुसिलम. माती व चुन्याचा अंश असलेल्या दगडांवर लहान लहान तपकिरी खवल्यांचे कवच धरणारी ही जाती आहे. या निवडीत मोठे मर्म होते. बहुतेक शैवाकांत कवकाचे बीजाणू एकटेच बाहेर पडतात आणि योग्य शैवल भेटेल की नाही हे दैवावर सोडलेले असते. एंडोकार्पॉनमध्ये मात्र बीजाणू तयार होतात त्याच पोकळीत शैवलाच्या सूक्ष्म पेशीही असतात, आणि बीजाणू उडाला की त्याच्यासोबत त्याही उडतात. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जावी तसाच हा प्रकार.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी अमेरिकेतील व्हर्नन अहमदजियन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोकार्पॉन आणि इतर काही जातींवर याच धर्तीचे प्रयोग केले. त्यांतून जे निष्पन्न झाले ते शैवाक पाळू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. काचपात्रात भरपूर साखर व इतर पोषणद्रव्ये दिली, की कवक आणि शैवल आपापल्या परीने वाढतात, पण एकमेकांकडे वळून पाहत नाहीत. अन्नाचा तुटवडा झाला, माध्यम हळूहळू कोरडे पडू लागले, मग पुन्हा ओलावा मिळाला आणि पुन्हा गेला, म्हणजे मगच कवकाचे तंतू शैवलाच्या पेशींना वेढू लागतात. ही भागीदारी सुबत्तेतून जन्मत नाही, गरजेतून जन्मते, आणि गरज संपली की मोडते. सतत ओले व खतावलेले ठेवलेले शैवाक याच कारणाने बिघडते. त्यातील शैवल बेसुमार वाढते किंवा परके बुरशीचे तंतू त्यावर स्वार होतात आणि दोन-तीन आठवड्यांत दगडावर केवळ हिरवट चिकट थर शिल्लक राहतो.

भारतात या विषयाचा पाया घातला तो लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी. भारत, नेपाळ व श्रीलंका येथील सूक्ष्म शैवाके ओळखण्यासाठी त्यांनी तयार केलेली कुंजिका १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. सूक्ष्म शैवाके म्हणजे मुख्यतः कवचरूपच. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने केले. १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखीजा आणि त्यांचे सहकारी यांनी सह्याद्रीतील शैवाकांचा जो अभ्यास केला, त्यात झाडांच्या सालींवर लिपीसारख्या काळ्या रेघा उमटविणाऱ्या ग्राफिस कुलातील कवचरूप जाती विशेष आहेत. पुढे याच संस्थेत शैवाकांचे बारीक तुकडे काचपात्रात वाढवून त्यांतील औषधी द्रव्यांचा शोध घेण्यात आला. तुकड्यांपासून वाढविण्याची जी पद्धत जपानमध्ये १९८५ च्या सुमारास रूढ झाली, तिच्यात शैवाक धुऊन, वाटून, निरनिराळ्या विणीच्या चाळण्यांतून गाळतात आणि मिलिमीटरच्या अंशाएवढे कण निर्जंतुक आगरावर ठेवतात. प्रयोगशाळेबाहेर हे करणे अवघड आहे. पण त्यामागील तत्त्व, म्हणजे दोन्ही जीव ज्यात आधीच एकत्र आहेत असा लहानसा कण रुजविणे, हे घराच्या गच्चीवरही उपयोगी पडते.

दिल्लीची हवा, दिल्लीचा दगड

शैवाकाला मूळ नसल्याने पाणी आणि क्षार ते हवेतून व पावसातूनच घेते, तेही संपूर्ण पृष्ठभागाने. झाडाच्या पानावर असतो तसा मेणचट पडदा त्याच्यावर नसतो, आणि जुने पान गळावे तसा दूषित भाग टाकून देण्याची सोयही नसते. हवेत जे असेल ते त्याच्या देहात साचत जाते. फिनलंडचा विल्यम निलँडर याने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांचा अभ्यास करून, ती हवेच्या शुद्धतेची मापके आहेत असे लिहून ठेवले होते. दगडी कोळशाच्या धुरातील सल्फर डाय-ऑक्साइड हा त्यांचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. अपवाद म्हणून लेकॅनोरा कोनिझीऑइडिस या करड्या-हिरवट कवचरूप जातीचा उल्लेख करावा लागेल. इंग्लंडच्या कारखानदारी शहरांत इतर शैवाके नष्ट होत असताना ही मात्र फोफावली, आणि पुढे हवा स्वच्छ झाली तेव्हा हीच मागे हटली.

दिल्लीत कोळशावर चालणारी वीजकेंद्रे एकेक करून बंद झाली. इंद्रप्रस्थ केंद्र २००९ च्या अखेरीस आणि बदरपूरचे ऑक्टोबर २०१८ मध्ये. गंधकाचा त्रास त्यामुळे कमी झाला असला तरी धूळ, काजळी आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची संयुगे यांचा भार मोठाच आहे. म्हणून या शहरात नाजूक क्षुपरूप शैवाकांची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. नायट्रोजन सोसणाऱ्या काही पर्णरूप जाती आणि दगडाला घट्ट बिलगलेल्या कवचरूप जाती, एवढाच येथील संसार.

पाऊस वर्षाला सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच्या महिन्यांत येतो. उरलेले आठ-नऊ महिने शैवाक कसे काढते? वाळून आणि थांबून. पूर्ण वाळलेले शैवाक साठ-सत्तर अंशांचा तापही बहुधा निभावते, कारण त्या अवस्थेत त्याचे सर्व व्यापार जवळजवळ बंद असतात. हिवाळ्यातील पहाटे दव पडले, की ते काही मिनिटांत जागे होते. सूर्य वर येईपर्यंतच्या दोन-तीन तासांत जेवढे अन्न तयार करता येईल तेवढे करते आणि उन्हाबरोबर पुन्हा वाळून निद्रिस्त होते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे यांनी नेगेव्हच्या वाळवंटात शैवाकांचा हाच दिनक्रम मोजून दाखविला होता. त्या वाळवंटाइतकी दिल्ली रुक्ष नाही, पण हिशोब तोच आहे.

या हिशोबात तोटा येतो तो एकाच परिस्थितीत: शैवाक ओले आहे आणि हवा तापलेली आहे. अशा वेळी श्वसनाचा वेग इतका वाढतो की तयार होणाऱ्या अन्नापेक्षा खर्च होणारे अन्न अधिक होते. मे महिन्यातील दुपारी कळवळून दगडावर पाणी शिंपडणारा माणूस शैवाकाला तहानेपासून वाचवीत नसतो. झोपलेल्या जीवाला उठवून त्याच्या शिदोरीला हात घालावयास लावीत असतो.

दगडाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. दिल्लीचा कणा असलेली टेकड्यांची रांग अरवलीच्या टोकाची असून ती क्वार्टझाइट या अत्यंत कठीण, गारेच्या जातीच्या खडकाची आहे. तुघलकाबादचा किल्ला याच दगडाचा. लाल किल्ल्याचा वालुकाश्म, हुमायूनच्या मकबऱ्यावरील संगमरवर, जुन्या भिंतींतील चुना आणि घरोघरचे सिमेंट यांचे गुणधर्म वेगवेगळे आहेत. क्वार्टझाइटवर राहणारे शैवाक चुनामिश्रित दगडावर सहसा राहत नाही, आणि चुन्यावरचे क्वार्टझाइटवर. दगडाच्या वेगळ्या टवक्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाहावा. फेस आला तर चुना आहे असे समजावे. ही परीक्षा शैवाकावर मात्र करू नये.

रोपण

नमुना कोठून आणावा, हा पहिला प्रश्न कायद्याचा आहे. असोला-भट्टी हे अभयारण्य असल्याने तेथून परवानगीवाचून काहीही उचलणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा ठरतो. संरक्षित स्मारकांच्या दगडांना हात लावण्याचा प्रश्नच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विवेक तेच सांगतो. तळहाताएवढे कवच वाढावयास कित्येक दशके लागलेली असतात, आणि ज्या कातळाच्या खाणी झाल्या तेथे ही दशके एका सुरुंगासरशी उडून गेली. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात खाणकामाने उजाड झालेल्या जमिनीवर २०१० पासून अरवलीतील मूळची झाडे लावण्यात आली. झाडे रोपवाटिकेत वाढविता येतात. ताज्या फुटलेल्या कातळावरील शैवाके आपली आपण, वाऱ्यावरून, यावी लागतात.

तेव्हा नमुना घ्यावा तो पाडल्या जाणाऱ्या जुन्या कुंपणाच्या राबिटातून किंवा आपल्याच गच्चीच्या कठड्यावरून. शैवाकासह दगडाचा तुकडाच मिळाला तर सर्वांत उत्तम; तो तसाच योग्य जागी ठेवून द्यावा, रोपणाची खटपट करूच नये. नव्या दगडावर रुजवावयाचे असेल तर पुढील रीत बरी. शैवाक कोरडे असताना धारदार पात्याने कडेचा थोडासा भाग खरवडून कागदावर घ्यावा. मधला भाग जुना आणि पुष्कळदा झिजलेला असतो, वाढ होते ती कडेला. ही पूड पावसाच्या पाण्याच्या काही थेंबांत कालवून मऊ कुंचल्याने त्याच जातीच्या, खडबडीत आणि काही वर्षे ऊनपाऊस खाल्लेल्या दगडावर लावावी. गुळगुळीत दगडावर कण टिकत नाहीत. नवे सिमेंट फार तीव्र क्षारधर्मी असते, त्यावर काही वर्षे काहीही धरत नाही.

परदेशांतील बागांत दगडाला जुनेपण यावे म्हणून त्यावर ताक किंवा दही फासण्याची चाल आहे. थंड हवेत त्याचा उपयोग कधी होतही असेल. दिल्लीच्या जुलैमध्ये ताक फासलेल्या दगडावर शैवाक येत नाही. बुरशी येते, माश्या येतात आणि शेजारी येतात.

हंगाम जुलैच्या मध्यापासूनचा. पहिल्या सरींनी हवेतील धूळ व काजळी खाली बसते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर पाणी साठवावे आणि त्यानंतरच रोपण करावे. नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार दगडावर पांढरी पुटे धरतात आणि क्लोरीन शैवलाला सोसत नाही. दगड अशा ठिकाणी ठेवावा की सकाळचे कोवळे ऊन त्यावर पडावे आणि दहा-अकरानंतर सावली यावी. मोकळे आकाश वर असावे, नाही तर दव पडणार नाही. एअर कंडिशनरचे पाणी ठिबकते ती जागा आणि कबुतरांच्या बसण्याची जागा वर्ज्य. कबुतरांच्या विष्ठेतील नायट्रोजन हे शैवाकाच्या दृष्टीने खतच, आणि खताचा परिणाम वर आलाच आहे.

पुढची निगा

पहिल्या दोन महिन्यांत पाऊस ओढला तर पहाटे फवाऱ्याने दगड ओला करावा, एवढाच की पाणी ओघळू नये. तो नऊ-दहापर्यंत वाळलाच पाहिजे. ऑक्टोबरनंतर फवारणी आठवड्यातून एक-दोनदा पुरे. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ दिल्लीत दुहेरी असतो: दव मिळते म्हणून वाढीचा, आणि धुके काजळी व आम्ले घेऊन येते म्हणून धोक्याचा. फार धुरकट दिवस गेल्यावर एखाद्या सकाळी साठविलेल्या स्वच्छ पाण्याने दगड हलकेच धुऊन काढावा. एप्रिल ते जून काहीही करू नये. धुळीच्या वादळानंतर फार तर कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. या तीन महिन्यांत शैवाक फिके, निर्जीव, भेगाळलेले दिसते आणि पाळणाऱ्याचा धीर सुटतो. जुलैत एका पावसाने रंग परत आला तर ते जिवंत होते असे समजावे. पांढरा पडलेला भाग ओला केल्यावरही हिरवट छटा दाखवीत नसेल तर तेथील शैवल मेले. मधोमध पोकळ होऊन कडेने वाढणारे कवच मात्र आजारी नसते. पुष्कळ जातींची ती रीतच आहे. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून शैवाक खरवडून खातात. त्या वेचून दूर सोडाव्यात. कीटकनाशक वा चुन्याची फक्की दगडाजवळ येऊ देऊ नये.

रुजलेले कण डोळ्यांना दिसू लागण्यास वर्ष-दोन वर्षे सहज लागतात, आणि अनेक रोपणे दिसेनाशीच होतात. वाढीचा वेग बहुतेक कवचरूप जातींत वर्षाला एक मिलिमीटरच्या मागेपुढे. हिमालयाच्या उंचीवर आणि थंड प्रदेशांत आढळणारी ऱ्हायझोकार्पॉन जिऑग्राफिकम ही पिवळी-काळी, नकाशासारखी दिसणारी जाती तर त्याहूनही सावकाश वाढते. तिच्या वर्तुळाचा व्यास मोजून हिमनदीने मागे टाकलेला दगड किती काळ उघडा आहे हे ठरविण्याची पद्धत ऑस्ट्रियाच्या रोलँड बेशेल यांनी १९५० मध्ये सुचविली. २००५ मध्ये हीच जाती एका उपग्रहातून अंतराळात नेऊन सुमारे पंधरा दिवस निर्वात पोकळीत व सूर्याच्या उघड्या किरणांत ठेवण्यात आली आणि परत आल्यावर तिने आपले व्यापार पुन्हा सुरू केले. अशा चिवट जीवाला गच्चीवरील रोजची झारी सोसत नाही, हे नवल खरे. पण वाळलेल्या अवस्थेतील चिवटपणा ओल्या अवस्थेत उरत नाही, हे लक्षात घेतले की ते नवल राहत नाही.

येथे स्मारकांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शैवाके ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये सोडतात, त्यांचे तंतू दगडाच्या कणांत काही मिलिमीटरपर्यंत शिरतात, आणि ओले-कोरडे होताना ती फुगतात व आकसतात. त्यामुळे कोरीव दगड झिजतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा म्हणूनच अमोनियाच्या सौम्य द्रावणाने ती काढते. दुसऱ्या बाजूने, काही ठिकाणी कवचाखालचा दगड उघड्या दगडापेक्षा पाऊस-वाऱ्यापासून अधिक सुरक्षित राहिल्याचेही अभ्यासकांना आढळले आहे, आणि काढून टाकलेल्या शैवाकाबरोबर दगडाचा पृष्ठभागही निघून येतो. नक्षीदार संगमरवरावर ती नसावीत हे कोणीही मान्य करील. पडक्या तटाच्या अनघड क्वार्टझाइटवर ती राहिली तर बिघडणारे काही दिसत नाही.

दगडाच्या मागील बाजूस रोपणाची तारीख आणि नमुन्याचे ठिकाण रंगाने लिहून ठेवावे. दरवर्षी पाऊस संपल्यावर पारदर्शक कागद ठेवून कवचाची कड पेन्सिलीने उतरून घ्यावी आणि जुन्या कागदाशी ताडून पाहावी. दहापट मोठे दाखविणारे भिंग असेल तर कडेवरचे नवे कण त्याने दिसतात. घर बदलताना दगड हलवावा लागला तर तो उन्हाळ्यात, पूर्ण कोरडा असताना हलवावा, आणि उचलण्यापूर्वी त्यावर पूर्वेची खूण करून नव्या जागी तीच बाजू पूर्वेला येईल असा ठेवावा.